उसन्या प्रतिकारशक्तीचा इतिहास : रक्तरसापासून इम्युनोग्लोब्युलिनपर्यंत

१

एखादे औषध एका कामासाठी सिद्ध व्हावे, पुढे त्याचा उपयोग निराळ्या, किंबहुना पहिल्याच्या उलट भासणाऱ्या कामासाठी होऊ लागावा, आणि नाव मात्र पहिल्या कामाचेच राहावे, अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात फारशी आढळत नाहीत. शिरेवाटे द्यावयाचे इम्युनोग्लोब्युलिन हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय. ज्याच्या रक्तात रोगाशी झुंजणारी प्रथिने नाहीत त्याला ती इतरांच्या रक्तातून पुरवावीत, हा या औषधाचा मूळ हेतू. आज मात्र ज्याची प्रतिकारयंत्रणा भलतीच कार्यप्रवण होऊन स्वतःच्याच पेशींवर उलटली आहे, अशा रुग्णालाही तेच औषध, परंतु कितीतरी मोठ्या मात्रेने दिले जाते. आणि पुष्कळदा ते गुणकारी ठरते. उणीव भरून काढणारे द्रव्य अतिरेकही कसे शमविते, हा प्रश्न १९८१ पासून संशोधकांपुढे उभा आहे.

प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्राचे आहे, वैद्यकाचे नव्हे. तरीही या विषयाकडे वळण्याचे कारण असे की, या औषधाचा इतिहास बऱ्याच अंशी त्याच्या नावांचा इतिहास आहे. रक्तरस, गॅमा ग्लोब्युलिन आणि इम्युनोग्लोब्युलिन ही तीन नावे एकामागून एक आली आणि प्रत्येक नावात त्या त्या काळाची समजूत गोठून राहिली. मराठीत तर या द्रव्याला लोकांच्या तोंडी स्वतंत्र असे नाव रुळलेच नाही. ‘लस’ या एका शब्दानेच बहुतेकांचे काम भागते. त्यामुळे होणारा घोटाळा केवळ शब्दांचा राहत नाही, रुग्णाच्या हितापर्यंत जाऊन पोहोचतो. तो कसा, हे इतिहासाच्या ओघात दाखवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

२

या इतिहासाचा आरंभ १८९० च्या डिसेंबरात बर्लिन येथे होतो. रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम करणारे एमिल फॉन बेरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो या दोघांनी धनुर्वातासंबंधीचा एक छोटा निबंध त्या महिन्यात प्रसिद्ध केला. धनुर्वाताच्या विषाला न जुमानणारा असा ससा तयार करून त्याच्या रक्तातील निवळ द्रव उंदराच्या शरीरात घातला, तर तो उंदीरही त्या विषापासून वाचतो, असे त्यांना आढळून आले होते. घटसर्पाच्या बाबतीतही हेच दिसले. एका प्राण्याने कमावलेले संरक्षण दुसऱ्याला देता येते, आणि ते रक्तातील पेशींत नसून द्रवात असते, ही गोष्ट त्या काळी अगदी नवी होती. १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांस मिळाले, ते याच कार्यासाठी. तत्पूर्वी १८९४ मध्ये पॅरिसचे एमिल रू यांनी घोड्याच्या रक्तरसाने घटसर्पाच्या मुलांवर उपचार केले आणि तेथील रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणून दाखविले.

युरोपीय भाषांत या द्रवाला मिळालेले ‘सीरम’ हे नाव मूळचे लॅटिन असून त्याचा अर्थ दह्यावर सुटणारे पाणी असा आहे. म्हणजे हे पहिले नाव केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावरून पडले. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी वर राहते ते सीरम. त्यातील कर्तबगार घटकाला पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये एक नाव दिले. त्याचाच शब्दशः अनुवाद करून आपल्या परिभाषेत ‘प्रतिपिंड’ हा शब्द आला. ‘पिंड’ म्हणजे देह. मात्र मराठीत त्याला स्वभाव आणि श्राद्धातील पिंड असेही अर्थ असल्याने तो सामान्य वाचकाच्या जिभेवर सहज बसला नाही. शरीराने स्वतः कमावलेले संरक्षण आणि बाहेरून आयते मिळालेले संरक्षण, हा भेदही एर्लिख यांनीच स्पष्ट केला. पहिले येण्यास वेळ लागतो, पण ते टिकते. दुसरे तत्काळ मिळते, पण काही आठवड्यांत ओसरते. या दुसऱ्या प्रकाराला आपण ‘उसनी’ प्रतिकारशक्ती म्हटले तर त्याचे स्वरूप मराठी माणसाला निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

हे दोन प्रकार एकाच शहरात, एकाच साथीत समोरासमोर आलेले पाहावयाचे असतील तर १८९७ सालच्या मुंबईकडे वळावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. वाल्डेमार हाफकीन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी प्लेगच्या जंतूचा शोध लावणारे अलेक्झांडर यर्सिन हे घोड्याच्या रक्तापासून तयार केलेला रक्तरस घेऊन मुंबईस आले. हाफकीन यांचे द्रव्य निरोग्याला आजाराआधी द्यावयाचे. यर्सिन यांचे मुख्यतः आजाऱ्याला आजारात द्यावयाचे. एकात मारलेले जंतू होते, दुसऱ्यात जंतूंविरुद्ध घोड्याने निर्माण केलेले प्रतिपिंड. यर्सिन यांच्या रक्तरसाला मुंबईत अपेक्षित यश आले नाही. हाफकीन यांची लस मात्र पुढे लक्षावधी लोकांस टोचली गेली.

मराठीत मात्र या दोहोंमध्ये भेद उरला नाही. ‘लस’ हा शब्द मूळचा जखमेतून किंवा फोडातून पाझरणाऱ्या चिकट पाण्याचा. जखमेला ‘लस येते’ असे आपण आजही म्हणतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी टोचणी होय. तेथून पुढे गोस्तनदेवीच्या फोडातील पाणी ते ‘लस’, असा अर्थ रूढ झाला. नंतर ज्या ज्या द्रव्याने रोगापासून रक्षण होते आणि जे टोचावे लागते, त्या सर्वांना हेच नाव मिळाले. सर्पदंशावर घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष दिले जाते. ते शुद्ध ‘उसने’ द्रव्य आहे. तरीही ग्रामीण भागातील रुग्णाचे नातेवाईक ‘सापाची लस’ असेच म्हणतात, आणि वृत्तपत्रेही तसेच लिहितात.

३

घोड्याच्या रक्तरसाला एक मोठा दोष होता. ते परके प्रथिन असल्यामुळे ते घेतलेल्या पुष्कळ मुलांना काही दिवसांनी ताप, अंगावर गांधी आणि सांधेदुखी होई. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचे ‘रक्तरसाचा रोग’ असे नामकरण केले. शरीराचा प्रतिकार हाच रोगाचे कारण होऊ शकतो, ही जाणीव या निरीक्षणात बीजरूपाने होती. त्या वेळी तिच्यापासून एवढाच व्यावहारिक बोध घेतला गेला की, माणसाला माणसाचेच द्रव्य द्यावे हे बरे.

परंतु माणसाच्या रक्तातील नेमका कोणता भाग घ्यावयाचा? याचे उत्तर स्वीडनमधील उप्साला येथून आले. आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने रक्तरसातील प्रथिने वेगळी केली. निरनिराळी प्रथिने विद्युत्क्षेत्रात निरनिराळ्या वेगाने सरकतात. त्यांच्या गटांना त्यांनी आल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरे दिली. १९३९ मध्ये टिसेलियस आणि एल्विन कबाट यांनी प्रतिपिंड हे मुख्यतः गॅमा गटात असतात असे दाखवून दिले. ‘गॅमा ग्लोब्युलिन’ हे दुसरे नाव असे आले. हे नाव कार्याविषयी काहीच सांगत नाही. रांगेत कितव्या जागी उभे आहे, एवढेच सांगते. शास्त्रीय नाव म्हणून त्याचा हा एक गुणच म्हणावा लागेल, कारण ते कोणतीही उपपत्ती गृहीत धरीत नाही.

हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर मिळविण्याची रीत युद्धाने दिली. हार्वर्ड विद्यापीठाचे एडविन कोन यांना रणांगणावरील जखमी सैनिकांसाठी रक्तद्रवातील अल्ब्युमिन हवे होते. थंड मद्यार्काचे प्रमाण, आम्लता आणि तपमान क्रमाक्रमाने बदलून त्यांनी रक्तद्रवाचे एकेक भाग खाली बसविले. पाचवा भाग अल्ब्युमिनचा, दुसरा गॅमा ग्लोब्युलिनचा. म्हणजे आपले औषध प्रथम हाती आले ते जणू दुसऱ्याच मालाबरोबर आलेला उरलासुरला माल म्हणून. १९४४ मध्ये ते गोवर टाळण्यासाठी वापरले गेले. १९५१ आणि १९५२ मध्ये विल्यम हॅमन यांनी अमेरिकेतील हजारो मुलांवर त्याचा प्रयोग करून ते पोलिओपासून काही आठवडे रक्षण करते असे सिद्ध केले. पोलिओची लस आल्यावर या उसनवारीची गरज संपली.

१९५२ सालीच वॉशिंग्टनमधील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलाला पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होत असे. टिसेलियस यांच्या पद्धतीने त्याचा रक्तरस तपासला तेव्हा गॅमा ग्लोब्युलिनची जागा रिकामीच दिसली. ब्रुटन यांनी ते द्रव्य दरमहा कातडीखाली टोचावयास आरंभ केला आणि मुलाचे ते आजार थांबले. ज्या प्रथिनाचे नाव केवळ त्याच्या जागेवरून पडले होते, त्याचे कार्य त्याच्या अभावातून इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसून आले. ‘नाही ते द्यावे’ हे या उपचाराचे सूत्र येथे पक्के झाले.

४

स्नायूत किंवा कातडीखाली थोडेच द्रव्य मावते, आणि टोचणे वेदनादायक असते. ते सरळ शिरेत द्यावे तर रुग्णाला थंडी, ताप, प्रसंगी रक्तदाब एकाएकी कोसळणे असे भयंकर परिणाम होत. बर्न येथील सिल्व्हिओ बारांडुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास याचे कारण शोधून काढले. तयार करताना प्रथिनाचे काही रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनत, आणि हे पुंजके रक्तातील ‘पूरक’ नावाच्या प्रथिनसमूहाला चेतवीत. सौम्य आम्लात ठेवून हे पुंजके मोडता येतात असे त्यांनी दाखविले. तेथून शिरेवाटे देता येईल असे निर्धोक औषध बाजारात येण्यास आणखी बरीच वर्षे लागली. अमेरिकेत असे पहिले औषध १९८१ मध्ये संमत झाले.

दरम्यान १९६४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या प्रथिनांसाठी ‘इम्युनोग्लोब्युलिन’ हे नाव अधिकृत केले. येथे नावाने प्रथमच कार्याचा दावा केला. या नावातील पहिले पद लॅटिन ‘इम्युनिस’ वरून आले आहे. रोमन समाजव्यवस्थेत ज्याला सार्वजनिक कर्तव्यांतून आणि करांतून सूट असे, तो इम्युनिस. आपल्या जुन्या महसुली भाषेतील ‘माफी’ हा शब्द त्याच्या फार जवळचा आहे. माफीदार लढत नाही. त्याच्याकडे कोणी मागावयास येत नाही, एवढेच. मराठीने मात्र ही कल्पना घेताना माफीचे रूपक सोडून युद्धाचे रूपक घेतले आणि ‘प्रतिकारशक्ती’ असा शब्द केला. ‘शक्ती’ ही अशी वस्तू आहे की ती कमी पडू शकते, वाढविता येते, आणि जितकी अधिक तितकी बरी असे मानले जाते. तीच रोगाचे कारण आहे हे वाक्य मराठीत सहजासहजी बोलता येत नाही. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

शास्त्रज्ञांनाही ते वाक्य बोलावयास वेळच लागला. शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करण्याचे टाळते, अशा अर्थाची एक लॅटिन संज्ञा एर्लिख यांनी १९०१ मध्ये वापरली होती. तिचा पुढे जवळजवळ नियम होऊन बसला. १९०४ मध्येच डोनाट आणि लांडस्टायनर यांनी रुग्णाच्या स्वतःच्या तांबड्या पेशी फोडणारा प्रतिपिंड दाखविला होता. पण एका भारदस्त संज्ञेपुढे एक अपवाद फारसा टिकला नाही. १९५० मध्ये सेंट लुईस येथील तरुण डॉक्टर विल्यम हॅरिंग्टन यांनी एक धाडसी प्रयोग केला. रक्त गोठण्यास साहाय्य करणारे बिंबाणू, म्हणजे आज सर्वांना ठाऊक असलेल्या प्लेटलेट, ज्या आजारात अकारण कमी होतात, त्या आजाराच्या एका स्त्रीचे रक्त त्यांनी स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांतच त्यांचे स्वतःचे बिंबाणू धोकादायक पातळीपर्यंत घसरले. पुढे काही दिवसांनी ते पूर्ववत झाले. बिंबाणूंचा नाश करणारा काहीतरी घटक रक्तद्रवात आहे, हे यावरून निश्चित झाले. तो घटक म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्याच बिंबाणूंविरुद्धचे प्रतिपिंड होत, हे पुढील संशोधनाने ठरले.

या आजाराच्या नावाची कथाही बोधप्रद आहे. त्याच्या ‘आय. टी. पी.’ या संक्षेपातील ‘आय’ पूर्वी अज्ञात कारणाचा वाचक होता. २००९ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तोच ‘आय’ आता प्रतिकारयंत्रणेचा वाचक समजावा असे ठरविले. अक्षर तेच राहिले, अर्थ बदलला.

हेच औषधाच्याही बाबतीत घडले, आणि तेही याच आजाराच्या निमित्ताने. बर्न येथील बालरोगतज्ज्ञ पाउल इम्बाख यांच्याकडे बिंबाणू घटलेला एक मुलगा होता. त्याची प्रतिकारयंत्रणा दाबून ठेवणारी औषधे दीर्घकाळ दिल्यामुळे त्याच्या रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनही कमी झाले होते. ती उणीव भरून काढावी, म्हणजे ब्रुटन यांच्याच सूत्राने चालावे, एवढ्याच हेतूने त्याला शिरेवाटे हे औषध देण्यात आले. अल्पावधीत त्याचे बिंबाणू झपाट्याने वाढले. यानंतर इम्बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा मुलांना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास रोज ०.४ ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस औषध दिले आणि त्याचा निष्कर्ष १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आजारी प्रतिपिंडांवर उतारा म्हणून निरोगी प्रतिपिंड द्यावे, आणि तेही उणीव भरण्याच्या मासिक मात्रेच्या चौपट-पाचपट, ही उपचारपद्धती अशा रीतीने उणिवेच्या वाटेने चालता चालता हाती आली.

५

यानंतर या उपचाराचा विस्तार झपाट्याने झाला. टोकियोचे तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये पन्नास मुलांच्या हकिकतींसह एका ज्वराचे वर्णन केले होते. त्यात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांवर फुगे येतात आणि मूल दगावू शकते. १९८४ मध्ये जपानातील फुरुशो आणि १९८६ मध्ये अमेरिकेतील जेन न्यूबर्गर यांच्या गटांनी या मुलांना इम्युनोग्लोब्युलिन दिले. उपचार न केल्यास सुमारे पंचवीस टक्के मुलांत दिसणारा हा धमनीविकार, वेळेवर उपचार केल्यास पाच टक्क्यांच्या आसपास खाली आला.

दुसरा आजार गिलाँ-बारे यांच्या नावाचा. १९१६ मध्ये गिलाँ, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी दोन सैनिकांत त्याचे वर्णन केले. किरकोळ जंतुसंसर्गानंतर काही दिवसांनी पायांतून अशक्तपणा चढू लागतो आणि कधी कधी श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातो. पुष्कळ रुग्णांत आधी कॅम्पिलोबॅक्टर या जंतूमुळे अतिसार झालेला असतो. या जंतूच्या आवरणातील शर्करा आणि आपल्या मज्जातंतूंवरील शर्करा यांत साम्य असल्याने जंतूविरुद्ध तयार झालेला प्रतिपिंड मज्जातंतूलाच शत्रू समजतो. या आजारात रुग्णाचा रक्तद्रव काढून टाकून त्याच्या जागी दुसरा द्रव घालण्याचा उपचार गुणकारी असल्याचे १९८० च्या दशकात सिद्ध झाले होते. १९९२ मध्ये नेदरलँड्समधील फान डेर मेशे आणि सहकाऱ्यांनी इम्युनोग्लोब्युलिन हे निदान तितकेच प्रभावी आहे असे दाखविले. येथील कोडे लक्षात घेण्यासारखे आहे. एका उपचारात प्रतिपिंड शरीराबाहेर काढावयाचे, दुसऱ्यात बाहेरून आणखी घालावयाचे. आणि दोहोंचे फळ एकच.

याचा उलगडा आज अंशतः झालेला आहे. बिंबाणूंच्या आजारात प्रतिपिंड चिकटलेले बिंबाणू प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात. या पेशींवर प्रतिपिंडाच्या शेपटाकडील भागाला पकडणारे ग्राहक असतात. बाहेरून आलेल्या असंख्य प्रतिपिंडांनी ते अडवून धरले की भक्षण मंदावते. १९९३ मध्ये फ्रान्समधील देब्रे यांच्या गटाने प्रतिपिंडाचा केवळ हा शेपटाकडील तुकडा दिला असताही मुलांचे बिंबाणू वाढतात असे दाखविले. दुसरी गोष्ट अशी की, शरीरात प्रतिपिंडांना नाशापासून वाचविणारा एक ग्राहक असतो. त्याची क्षमता मर्यादित असल्याने परक्यांची गर्दी झाली की स्वतःचे घातक प्रतिपिंडही लवकर नाश पावतात. ‘काढणे’ आणि ‘घालणे’ यांचे फळ एकच का, याचे हे निदान एक उत्तर होय. याशिवाय पूरक प्रथिनांना आवर घालणे, प्रतिपिंडांवरील शर्करेच्या साखळीचे कार्य, अशा आणखीही उपपत्ती आहेत. सर्व आजारांना लागू पडेल असे एकच स्पष्टीकरण नाही.

या औषधाचे मूळ माणसांत आहे, हेही विसरता येत नाही. प्रत्येक घाण्यात हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र केलेला असतो. किमान एक हजार दाते असावेत, असा संकेत आहे. विविधता हाच त्याचा गुण, आणि एकाचा दोष सर्वांना लागू शकणे हाच त्याचा धोका. १९९३-९४ मध्ये अमेरिका आणि युरोपातील काही रुग्णांना या औषधातून ‘सी’ प्रकारच्या काविळीची बाधा झाली. त्यानंतर विषाणू नष्ट करणाऱ्या स्वतंत्र प्रक्रिया औषधनिर्मितीत अनिवार्य झाल्या. भारतात पैसे घेऊन रक्त देण्यास १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, तीही रक्ताच्या सुरक्षिततेसाठीच.

६

हा सर्व इतिहास मराठी भाषकांच्या दारात येऊन उभा राहिला तो २०२५ च्या जानेवारीत. पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या भागात गिलाँ-बारे आजाराचे रुग्ण अकस्मात वाढले आणि काही आठवड्यांत त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर यांच्याकडे तपासाचा रोख गेला. शेकडो कुटुंबांना एकाएकी एका अपरिचित औषधाविषयी निर्णय घ्यावा लागला. साठ किलोग्रॅम वजनाच्या रुग्णाला पाच दिवसांत १२० ग्रॅम औषध लागते. एक लिटर रक्तद्रवातून साधारणतः चार ग्रॅम औषध निघते असे धरले, तर एका रुग्णामागे तीस लिटर रक्तद्रव लागला. एका रक्तदानातून दोनशे मिलिलिटर रक्तद्रव मिळतो असे मानल्यास, एका माणसाला पायांवर उभे करण्यासाठी सुमारे दीडशे रक्तदाने झाली. औषधाचा खर्च लाखांच्या घरात का जातो, याचे एक कारण या हिशेबात आहे.

अशा वेळी या कुटुंबांजवळ शब्द कोणते होते? ‘प्रतिकारशक्ती वाढविण्याचे इंजेक्शन’ हे वर्णन सर्वांत सोपे, आणि या आजारापुरते सर्वांत चुकीचे. प्रतिकारशक्ती वाढवावयाची तर रुग्णाला सकस अन्न, काढे, शक्तिवर्धके द्यावीत, असे नातेवाइकांना वाटणे स्वाभाविक आहे. रक्तद्रव बदलण्याचा तितकाच प्रभावी आणि काही ठिकाणी कमी खर्चाचा उपचार डॉक्टरांनी सुचविला, तर ‘आधीच अशक्त झालेल्याचे रक्त का काढता?’ असा प्रश्न येणार. युद्धाच्या रूपकातून या प्रश्नाचे उत्तर निघत नाही, कारण त्या रूपकात आपले सैन्य आपल्यावरच चालून येत नाही.

‘लस’ या शब्दाचे परिणाम याहून गंभीर होऊ शकतात. पिसाळलेल्या कुत्र्याने खोल चावा घेतला असता जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावयाचे आणि शिवाय लसही द्यावयाची, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. लस कार्य करू लागेपर्यंतचे दिवस उसन्या प्रतिपिंडांनी निभवावयाचे असतात. दोहोंना एकच नाव असले की ‘लस घेतली’ या उत्तरावर चौकशी संपते, आणि दोहोंपैकी एक राहून गेले हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कावासाकी यांच्या आजारात मोठ्या मात्रेने इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्या मुलाला गोवराची लस साधारणतः अकरा महिने लांबवावी लागते, कारण उसने प्रतिपिंड लशीतील जिवंत विषाणूला रुजूच देत नाहीत. आईने आरोग्यसेविकेला ‘रुग्णालयात लस दिली होती’ एवढेच सांगितले तर ही नोंद होणार नाही, आणि पुढे दिलेली गोवराची लस व्यर्थ जाईल.

यावर उपाय म्हणून एखादा जडजंबाल संस्कृत शब्द घडवावा असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ‘प्रतिपिंड’ आणि ‘बिंबाणू’ या शब्दांचा अनुभव आपल्यापुढे आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते राहिले आणि रुग्णालयाच्या ओवरीत ‘प्लेटलेट’च बोलले गेले. ‘इम्युनोग्लोब्युलिन’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावयास हरकत नाही. आवश्यक आहे ते त्यासोबत बोलले जाणारे एक साधे वाक्य, आणि ते प्रयोजनाप्रमाणे निरनिराळे असले पाहिजे. ब्रुटन यांच्या रुग्णासारख्या मुलाच्या पालकांना ‘तुमच्या मुलाच्या रक्तात जे नाही ते दात्यांच्या रक्तातून उसने देत आहोत, आणि ते दरमहा द्यावे लागेल’ असे सांगावे. श्वानदंशाच्या रुग्णाला ‘ही लस नव्हे, लस वेगळी घ्यावयाची आहे’ असे सांगावे. गिलाँ-बारेच्या रुग्णाच्या घरच्यांना ‘शरीराचा प्रतिकार वाट चुकला आहे, तो शमविण्यासाठी हे आहे’ असे सांगावे. बाटली तीच असली तरी ही तीन वाक्ये तीन निरनिराळ्या उपचारांची आहेत.

१९८१ नंतर या औषधाचा अर्थ बदलला. नाव बदलले नाही, आणि आता ते बदलेल असे चिन्ह नाही. नाव जेथे अपुरे पडते तेथे वाक्याने ते पुरे करावे, ही भाषेची नित्याची रीत आहे. ते वाक्य रुग्णाला त्याच्या भाषेत मिळते की नाही, याकडे मराठीच्या अभ्यासकांनी आणि मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांनी सारखेच लक्ष पुरविले पाहिजे. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीची पाच मिनिटे हे त्याचे योग्य स्थळ होय.